धुळ्यापर्यंतचा खोकला

माझ्या नातीपासून दहा पावलांवर बसून मी तिला फोनमध्ये बघत होतो. मधे एक भिंत, एक फुलाफुलांचा पडदा आणि पडद्याच्या अलीकडे स्टूल टाकून बसलेल्या माझ्या विहीणबाई. सूनबाई आतल्या खोलीतून व्हिडिओ कॉल करून दाखवत होती, बाबा, हे बघा नाक, हे बघा बोटं. हे दृश्य बघण्यासाठी मी त्या दिवशी जळगावहून धुळ्यापर्यंत पंच्याण्णव किलोमीटर सायकल मारली होती. हेच नाक आणि हीच बोटं मला जळगावला खुर्चीत बसून, चहा पीत दिसत होती. रोज दिसत होती.

पण पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही विहीणबाईंना दोष द्याल. दोष त्यांचा नव्हता. जो काही होता तो माझ्या छातीत होता आणि थोडा त्याच्याही वर, डोक्यात.

मी विज्ञानाचा मास्तर. जळगावच्या एका शाळेत बत्तीस वर्षं आठवीच्या पोरांना श्वसनसंस्था शिकवली. फळ्यावर दोन फुप्फुसं अशी सुरेख काढायचो की दुसऱ्या तासाचे सर ती पुसायला कचरायचे. 'श्वास नेहमी नाकाने घ्यावा. नाकात हवा गाळली जाते, ओलसर होते, कोमट होते.' हे वाक्य मी इतक्या वह्यांत लिहून दिलंय की आजही कुठे जुना विद्यार्थी भेटला तर तो नाकाने श्वास घेताना दिसतो. मी स्वतः मात्र निवृत्त झालो, मुलाने पुण्याहून गिअरची सायकल आणून दिली, आणि पहिल्याच चढावर तोंड उघडलं ते पुन्हा मिटलं नाही.

सायकलीबरोबर एक घड्याळही आलं. तुम्ही कुठून कुठे गेलात, किती वेगाने गेलात, काळीज किती धडधडलं हे सगळं ते टिपून घेतं आणि फोनवरून सायकलच्या ग्रुपमध्ये त्याची चहाडी करतं. ग्रुपमध्ये सगळे माझ्याहून वीस-पंचवीस वर्षांनी लहान. ते मला 'सर' म्हणायचे आणि चढावर मागे टाकून जायचे. मागे टाकणं मी एक वेळ सहन केलं असतं. जाताना 'सर, आरामात या' म्हणायचे, ते सहन होत नव्हतं. त्यामुळे आरामात मी कधी गेलोच नाही.

खोकला दिवाळीत सुरू झाला. त्याची एक खोड होती. सायकलवर असेपर्यंत तो यायचा नाही. घरी आलो, सायकल भिंतीला टेकवली, हेल्मेट काढलं की पाच-सात मिनिटांनी छातीत कोणीतरी गवताची काडी फिरवल्यासारखं व्हायचं आणि मग जो कोरडा खोकला लागायचा तो कधी अर्धा तास, कधी तास. मधेमधे छातीतून बारीक शिट्टी वाजायची, चार घरं पलीकडे कुणाचा तरी कुकर झाल्यासारखी. पहिल्यांदा तर मी खरंच खिडकीतून बघितलं होतं.

आता शहाणा माणूस काय करेल? डॉक्टरकडे जाईल. मी बाथरूममध्ये गेलो. नळ पूर्ण सोडायचा, खाली रिकामी बादली ठेवायची आणि त्या आवाजाच्या आडोशाला खोकून घ्यायचं. बादली भरली की उपसायची, पुन्हा भरायची. निवृत्तीनंतर मी फार स्वच्छ झालोय, अशी घरात समजूत होती. म्हणजे घरात ती आहे, अशी माझी समजूत होती.

एकदा फोनमध्ये शोधून बघितलं. फोनने चार आजार दिले. त्यातले दोन वाचून मी फोन पालथा ठेवला आणि दुसऱ्या दिवशी चाळीस किलोमीटर मारले. माझं गणित असं की आजारी माणूस चाळीस किलोमीटर मारू शकतो का? नाही. मी मारले. म्हणजे मी आजारी नाही. पुढच्या आठवड्यात खात्री करायला पन्नास मारले. खोकला दीड तास चालला. बत्तीस वर्षं ज्याने पोरांना प्रयोग, निरीक्षण आणि अनुमान शिकवलं, त्या माणसाचं हे अनुमान.

नात जन्मली त्या दिवशी मी रावेरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी होतो. ग्रुपची लांबची राइड. फोनला रेंज नाही. सूनबाई पहिल्या बाळंतपणाला धुळ्याला माहेरी गेलेली, तारखेला अजून अवकाश होता, पण पोरगी घाईवर. सौभाग्यवतींनी मला सतरा फोन केले, मुलगा पुण्याहून परस्पर निघाला, आणि शेवटी त्या मला सोडून भाचीच्या गाडीतून धुळ्याला गेल्या. दुपारी केळीच्या ट्रकमागे थांबून आम्ही फोटो काढत होतो तेव्हा रेंज आली आणि खिशात फोन सतरा वेळा थरथरला. आजोबा झाल्याची बातमी मला हायवेच्या कडेला, तोंडात वेफर असताना मिळाली.

दोन-तीन दिवसांनी सौभाग्यवती जळगावला परतल्या, मुलगा पुण्याला. पोरगी वजनाने जराशी कमी होती. त्यात थंडीचे दिवस. डॉक्टरांनी सांगितलं की येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ नको. विहीणबाईंनी ते वाक्य कायद्यासारखं लावून धरलं आणि आमच्या घरातून त्याला पूर्ण पाठिंबा मिळाला. सव्वा महिना झाला की बाळंतविडा घेऊन रीतसर जाऊ, असं दोन्ही बायकांनी फोनवर ठरवून टाकलं. मला विचारलं नाही. ज्याला नातीच्या जन्माचा दिवस रावेरला घालवता येतो, त्याला सव्वा महिना थांबायला काय हरकत, असा एक टोमणा तेवढा मिळाला.

सहा दिवस गेले, दहा गेले, पंधरा गेले. माझं कशात लक्ष लागेना. वर्तमानपत्र उघडायचो आणि एकच बातमी तीनदा वाचायचो. गच्चीवर जायचो, खाली यायचो. फोनमधलं नाक आणि बोटं बघून समाधान होण्याऐवजी हात जास्तच रिकामे वाटायचे. आणि मागे ते दोन आजार. ते पालथ्या फोनखाली तसेच पडून होते. कुणाला न सांगता मी मनात हिशेब करायचो की आपल्याला हे पोर उचलायला मिळणार तरी आहे ना.

एकोणिसाव्या दिवशी पहाटे पाचला 'राइडला जातो' असं सांगून निघालो. खोटं बोललो नाही. राइडच होती. फक्त रोजच्यासारखा पाळधीहून वळलो नाही.

जानेवारीतली थंडी. नाक गार पडून बधिर झालेलं, तोंड उघडं, आणि आत जाणारी हवा अशी की दातांना कळ यावी. एरंडोलला चहा घेतला. तिथून बायकोला फोन करायला हवा होता. त्याऐवजी घड्याळात सरासरी वेग बघितला आणि खूश होऊन पुढे निघालो.

पारोळा सोडला आणि समोरून वारा आला. सायकलवाल्याला चढ परवडतो, समोरचा वारा नाही. चढ निदान संपतो तरी. दोन-तीन किलोमीटर मी वाकून, दात खाऊन पाय मारले. तेवढ्यात बाजूने एक ट्रॅक्टर गेला. मागे ट्रॉली, ट्रॉलीत कापूस. वरून जाळी बांधलेली, तरी कापूस दोन्ही बाजूंनी पोटासारखा सुटलेला. जिनिंगला चालला होता. ग्रुपमधल्या पोरांनी शिकवलं होतं की मोठ्या गाडीच्या आडोशाला राहिलं की वारा लागत नाही. मी वेग वाढवला आणि ट्रॉलीच्या मागे जाऊन चिकटलो.

काय सुख होतं ते. वारा एकदम बंद. पाय आपोआप फिरायला लागले. कापसाच्या भिंतीमागे, तिच्या उबेला, घड्याळात असा वेग की ग्रुपची झोप उडावी. हे करणारा खानदेशात मी पहिलाच, असं त्या वेळी वाटलं. खानदेशातलं दुसरं कुणी हे का करत नाही, हा प्रश्न मात्र पडला नाही. या रस्त्याच्या बाभळींवर हिवाळाभर कापसाचे पुंजके लटकलेले असतात. ट्रॉल्यांमधून उडून अडकलेले. लहानपणापासून बघतोय. बाभळीला जे अडकतं ते ट्रॉलीच्या मागे तोंड उघडं टाकून चाललेल्या मास्तरालाही अडकेल, एवढं साधं ते. आठ-दहा किलोमीटर मी त्या ट्रॉलीची धूळ, पालापाचोळा आणि तंतू गाळल्याशिवाय, ओलसर आणि कोमट केल्याशिवाय, थेट आत घेतले.

मग ड्रायव्हरने मागे वळून बघितलं. गालात हसला आणि ओरडून म्हणाला, "बाबा, दोरी बांधू का?"

झालं. एकसष्टाव्या वर्षी माणसाने हसून हात हलवावा आणि आडोशाला राहावं. मी बाहेर निघालो, ट्रॅक्टरला मागे टाकलं, आणि टाकलं ते टाकलं, तो पुन्हा पुढे येऊ नये म्हणून फागण्यापर्यंत जीव खाऊन सायकल हाणली. घड्याळ मनगटावर काहीतरी धोक्याची टुकटुक करत होतं. मला वाटलं शाबासकी देतंय.

धुळ्यात व्याह्यांच्या दारात उतरलो तेव्हा अकरा वाजत आले होते. व्याही म्हणजे सूनबाईचे वडील, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. ओट्यावर उन्हात खुर्ची टाकून बसले होते. विहीणबाई शेजारी मेथी निवडत होत्या. त्यांच्यासमोर त्यांचा व्याही, म्हणजे मी, उभा होतो. गुडघ्यापर्यंतची घट्ट काळी चड्डी, पोपटी बनियन, डोक्यावर टोपल्यासारखं हेल्मेट, मिशीला कापूस. वरपक्षाचा मानाचा माणूस. बाळंतविडा म्हणून पाठीच्या खिशात दोन केळी, तीसुद्धा वाकून वाकून चपटी झालेली. विहीणबाईंनी आधी पदर डोक्यावर घेतला, मग नीट बघितलं आणि म्हणाल्या,

"कापूस येचीसन उनात का, व्याही?"

कापूस वेचून आलात का, म्हणजे. एरवी त्या माझ्याशी ठेवणीतलं शहरी मराठी बोलतात. अहिराणी बाहेर आली म्हणजे बाई हबकल्या होत्या. मी वाटेत एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. सहज इकडून चाललो होतो, म्हटलं पोरीला बघून जावं. 'सहज' म्हणायला तोंड उघडलं आणि खोकला लागला.

असा खोकला मला त्याआधी कधी लागला नव्हता. बसलो तरी येतो, उठलो तरी येतो, पाणी प्यायलो तर पाण्यासकट येतो. डोळ्यांतून पाणी, छातीत शिट्टी. व्याह्यांनी पाठीवर हात फिरवला, सायकल आत घेतली, आणि मला बाहेरच्या खोलीत बसवलं. मी खोकत खोकत पडद्याकडे बोट दाखवलं. विहीणबाई उठल्या, स्टूल उचललं, पडद्यासमोर ठेवलं आणि त्यावर बसल्या.

"खोकला शे तवलग पोर नही," त्या म्हणाल्या. खोकला आहे तोवर.

मी सांगितलं की हा तसला खोकला नाही, हा सायकलचा खोकला. त्यांनी कापसाला, सर्दीला, विड्यांना, बारीक तापाला खोकला येताना बघितला होता. सायकलला येतो हे त्यांच्या ऐकिवात नव्हतं. मी म्हटलं, हा कुणाला लागत नाही. त्या म्हणाल्या, तुम्हाला लागलाच ना. व्याही मधे पडून म्हणाले की याच रस्त्यावर त्यांनी आयुष्यभर बस चालवली, पण सायकलवरून व्याह्याकडे जाणारा माणूस त्यांना एकदाही दिसला नाही. हे त्यांनी माझ्या बाजूने म्हटलं की विरुद्ध, ते अजून कळलेलं नाही.

मग तो व्हिडिओ कॉल झाला. सूनबाई माझ्या बाजूची होती. तिने आईच्या पाठीमागून, पडद्याच्या आतून, फोनवर कुजबुजत पोरगी दाखवली. पडद्यापलीकडून पोरीचा बारीक आवाज यायचा आणि क्षणभराने तोच आवाज माझ्या हातातल्या फोनमधून यायचा. त्या क्षणभराने जीव नुसता वरखाली होत होता.

मी उठलो. बसलो. पुन्हा उठलो. खिडकीशी गेलो, कपाटाशी गेलो, भिंतीवरच्या घड्याळाशी गेलो. खोकला दाबायचा प्रयत्न केला की तो नाकातून, कानातून बाहेर पडायला बघायचा. पंधरा मिनिटं गप्प राहून दाखवावं, असं मनाशी ठरवलं. अकरा मिनिटं झाली. विहीणबाईंच्या चेहऱ्यावर जराशी दया दिसायला लागली. तेवढ्यात आत पोरीच्या अंघोळीनंतरची धुरी सुरू झाली. शेगडीवर ओवा आणि बाळंतशोपा. पडद्याखालून धूर सरपटत आला, माझ्या पायाशी आला, वर चढला. बाराव्या मिनिटाला मी पुन्हा खिडकीत वाकून उभा होतो.

"कधपाईन शे हा खोकला?" विहीणबाईंनी विचारलं. कधीपासून.

"आजच," मी म्हटलं. "कापसामुळे."

त्यांनी कमरेचा फोन काढला आणि जळगावला लावला. दोघी विहिणी रोज या वेळी बोलतात हे मी विसरलो होतो. फोन मोठ्या आवाजावर होता. व्याही इथे आलेत, सायकलवर, कापसाने माखलेत, खोकताहेत आणि आजच लागला म्हणताहेत, असं विहीणबाईंनी एका दमात सांगितलं. पलीकडे शांतता. मला वाटलं, आता ओरडा बसेल. ओरडा परवडला असता. पलीकडे नुसता पंख्याचा आवाज. हिवाळ्यात पंखा कशाला लावलाय, असा एक मूर्ख विचार माझ्या डोक्यात येऊन गेला.

ती शांतता मला सोसेना. खोटं बोलायला समोर कुणीतरी बोलतं माणूस लागतं.

"दिवाळीपासून," मी म्हणालो. "रोज. सायकल चालवून आलो की."

"भाऊबीजेपासून," फोनमधून सौभाग्यवती म्हणाल्या. "नळ सोडून."

व्याही छताकडे बघायला लागले. विहीणबाईंनी फोन कानाला लावला आणि दोघींचं पुढचं बोलणं मला ऐकू आलं नाही. नंतर कळलं ते एवढंच की घरात सगळं पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. हा माणूस स्वतःहून कधी सांगतो, याची वाट बघणं चाललं होतं. आणि इकडे मी, थंडीत, रोज तीन-तीन बादल्या पाणी उपसत होतो.

गल्लीच्या टोकाला एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. विहीणबाई मला तिथे घेऊन गेल्या. मी मागे, त्या पुढे, आणि गल्लीतली माणसं माझ्या चड्डीकडे बघत होती. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलापेक्षाही लहान. त्यांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, एका प्लास्टिकच्या नळकांड्यात जोरात फुंकायला सांगितलं. फुंकलं. काटा जिथपर्यंत गेला ते बघून त्यांनी मला आणखी एकदा फुंकायला सांगितलं. काटा तिथेच.

"काका, हे किती दिवसांपासून?" त्यांनी विचारलं.

मी विहीणबाईंकडे बघितलं. "भाऊबीजेपासून," मी म्हणालो. आजच्या ट्रॉलीचंही सांगून टाकलं.

त्यांनी तोंडात दोन वेळा पंप मारला, पंधरा मिनिटं बाकावर बसवलं. त्या पंधरा मिनिटांत मी ते दोन आजार मनात शंभरदा उच्चारून बघितले. शेवटी धीर करून विचारलंच. त्यांनी मान हलवली. आत्ता तरी तसं काही दिसत नाही म्हणाल्या, पण जळगावला जाऊन छातीचा फोटो आणि नीट फुंकायची तपासणी करून घ्या, तीन महिने थांबायचं काम नव्हतं. पुन्हा फुंकायला लावलं. काटा वर गेला. मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि ते सगळं मला येत होतं हे सर्वांत लाजिरवाणं. जोराचा व्यायाम करताना माणूस तोंडाने श्वास घेतो. थंड, कोरडी हवा गाळल्याशिवाय, ओलसर आणि कोमट झाल्याशिवाय आत जाते. काहींच्या श्वासनळ्या त्याने आवळतात आणि व्यायाम थांबल्यावर खोकला सुरू होतो. धूळ असली तर जास्तच. सुरुवात हळूहळू करा, नाकातोंडावर रुमाल बांधा, निघण्याआधी पंप घ्या. आणि काका, म्हणाल्या, कापसाच्या ट्रॉलीमागे जाऊ नका.

"लहान पोरीला लागेल का?" विहीणबाईंनी विचारलं.

हा खोकला लागत नाही, असं उत्तर आलं. हात धुतले, कपडे बदलले की काही हरकत नाही. मी विहीणबाईंकडे विजयी मुद्रेने बघणार, एवढ्यात डॉक्टरीणबाई त्यांच्या पदराकडे जराशा वाकल्या. ओव्याचा वास येतोय, घरात धुरी करता का? विहीणबाईंनी हो म्हटलं. बंद करा, त्या म्हणाल्या. पोरीच्या छातीला तो धूर वाईट, तिच्यासाठी या काकांच्या खोकल्यापेक्षा वाईट.

परतताना आम्ही दोघं गल्लीतून शेजारी शेजारी चाललो. आता पुढे-मागे कुणी नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी शेगडी उचलली आणि मागच्या अंगणात नेऊन पालथी केली.

मग मला अंघोळ. या वेळी नळाखालची बादली खरोखर अंघोळीसाठी भरली. घालायला व्याह्यांचा पायजमा आणि सदरा. व्याह्यांचा घेर माझ्या दुप्पट. नाडी दोनदा कमरेभोवती फिरवून बांधली. कोपरापर्यंत हात धुतले. विहीणबाईंनी ते उलटेसुलटे करून बघितले. मी शाळेत पोरांची नखं तपासायचो तसे. मग पडदा बाजूला झाला.

सूनबाईने पोरगी माझ्या हातांवर ठेवली.

फोनमध्ये वजन दिसत नाही. एवढंच सांगतो. दुपट्यात गुंडाळलेलं ते गाठोडं मी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावून उचललं आणि हात उगाच वर गेले, इतकी ती हलकी होती. तिचं पोट श्वासाबरोबर भराभर वरखाली होत होतं. तोंड मिटलेलं. नाकाने श्वास घेत होती. कुणी वहीत लिहून न देता.

मी हललो नाही. सकाळपासून, खरं तर एकोणीस दिवसांपासून जे एका जागी थांबत नव्हतं ते थांबलं. किती वेळ, मला नाही माहीत. मग छातीत ती गवताची काडी हलली. अगदी हळू. पंपाने बरंच दबलेलं, तरी होतं. मला जुनी वाट माहीत होती. श्वास रोखायचा, मान वळवायची, हसून काहीतरी बोलायचं. थोडा वेळ रोखलाही. पोरगी हातात होती आणि ती आणखी थोडा वेळ तिथे राहावी एवढंच मला हवं होतं.

"घ्या हिला," मी म्हणालो. "मला खोकला येतोय."

विहीणबाईंनी पोरीला घेतलं. मी पायजमा धरून मागच्या दाराकडे धावलो. पाठीमागून त्यांचा आवाज आला.

"खोकी ल्या मोकळं. मंग हात धुईसन परत या."

पालथ्या शेगडीशेजारी उभा राहून मी भर दुपारी, मोकळ्या अंगणात, नळबिळ न सोडता खोकलो. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईने वाकून बघितलं. मी तिलाही हात केला. मग हात धुतले आणि परत गेलो.

संध्याकाळी व्याह्यांनी जुन्या ओळखीवर सायकल एसटीच्या मागच्या डिकीत टाकली आणि मला खिडकीत बसवलं. जळगावला घरी काय वाढून ठेवलंय याचा विचार करत असताना मनगटावर काहीतरी टुकटुकलं. घड्याळ. ते सकाळी पाचपासून चालूच होतं. मी घाईघाईने बंद केलं तोवर बस पारोळ्याला टेकली होती.

रात्री ग्रुपमध्ये एकच गोंधळ. धुळे ते पारोळा सरांनी मारलेला वेग भल्याभल्यांना आयुष्यात जमला नव्हता. मी लिहिलं की ती बस होती. खोकल्याचंही लिहिलं, पंपाचंही. मग एकाने दुसरंच विचारलं. सर, धुळ्यात एका घरापाशी नकाशावर लाल रेषांचा नुसता गुंता दिसतोय, रस्ता चुकलात का?

मी तो नकाशा मोठा करून बघितला. खिडकी, कपाट, भिंतीवरचं घड्याळ, पुन्हा खिडकी. गल्लीच्या टोकापर्यंत एक रेघ जाऊन परत आलेली. एक अंगणात. त्या सगळ्या गुंत्यात कुठेतरी मी न हलता उभा होतो, पण ती जागा काही सापडली नाही. शेजारी बसून सौभाग्यवती जळगावच्या डॉक्टरची वेळ घेत होत्या. मी ग्रुपवर लिहिलं, हो, चुकलो होतो, आणि ती राइड पुसली नाही.